दर वर्षीची देणगी पती-पत्नीने मिळून कशी ठरवावी? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघे नाशिकचे. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षापासून गुढीपाडव्याच्या आसपासच्या एका रविवारी मागच्या वर्षीच्या पावत्या काढून बसायचे आणि येत्या वर्षाच्या देणग्या वहीत लिहून ठरवायच्या, असा आमचा परिपाठ आहे. नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना तो कळत गेला, तसे प्रश्न येऊ लागले. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. करासंबंधीची माहिती प्रश्न १० आणि ११ मध्ये आहे. ती शेवटी वाचावी अशी आमची विनंती आहे, कारण करसवलतीपासून सुरुवात केली की ‘कोणाला द्यावे’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कोणाची पावती चालेल’ एवढाच उरतो.

१. वर्षाला नेमके किती द्यावे? त्याचे काही ठरलेले प्रमाण आहे का?

सर्वांना लागू पडेल असे प्रमाण नाही. काही धर्मपरंपरांनी ते सांगितले आहे: इस्लाममध्ये जकात ही ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आणि वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के असते, तर शीख परंपरेतील दसवंध म्हणजे कमाईचा दहावा भाग. ज्यांच्या घरात अशी परंपरा नाही त्यांनी हातात येणाऱ्या पगाराचा एक ठरावीक टक्का धरावा आणि तो वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावा. दोघांचे मिळून महिन्याला ९०,००० रुपये हातात येत असतील आणि दोन टक्के ठरले, तर महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये होतात. ही रक्कम दर महिन्याला वेगळ्या रिकरिंग खात्यात टाकल्यास ती जड वाटत नाही. घराचे हप्ते थकले असतील किंवा आजारपणासाठी काहीच गाठीशी नसेल, तर आधी ते सावरावे. त्या वर्षी फूल ना फुलाची पाकळी दिली तरी नेम मोडत नाही.

२. संस्था शेकडो आहेत. सुरुवात कुठून करावी?

संस्थांच्या यादीपासून सुरुवात करू नये. आपण दोघे कोणाचे ऋणी आहोत, याच्या यादीपासून करावी. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, पाच-सात ओळी लिहाव्यात: माझे शिक्षण कोणामुळे झाले, घरच्या आजारपणात कोण उभे राहिले, मी ज्या पाण्यावर, रस्त्यावर, पुस्तकांवर वाढलो ते कोणी पुरवले. मग कागद शेजारी शेजारी ठेवावेत.

आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा आमच्यापैकी एकाच्या कागदावर पेठ तालुक्यातील आजोळ होते. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथल्याच वाड्यापाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. उतारावरून आणि कातळावरून पाणी वाहून जाते, ते मुरत नाही. आजीला डोक्यावर हंडे घेऊन चढ चढताना पाहिलेल्या माणसाला ‘जलसंधारणाला देणगी’ हे शब्द वेगळे ऐकू येतात. दुसऱ्याच्या कागदावर ग्रंथालय होते. १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्था ज्या शहरात आहेत, तेथे घरी पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसलेले मूलही वाचून मोठे होऊ शकते. त्या दिवसापर्यंत दहा वर्षांच्या ओळखीत आम्ही हे एकमेकांना सांगितले नव्हते. पाणी आणि पुस्तके ही आमची दोन क्षेत्रे तेथे ठरली आणि नंतर संस्था शोधणे पुष्कळ सोपे गेले.

३. आमचे एकमत होतच नाही. मला अनाथाश्रमाला द्यायचे असते, ह्यांना गावच्या शाळेला. दर वर्षी भांडण होते. काय करावे?

आमच्याकडे आलेल्या प्रश्नांत हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला आहे. आमच्या अनुभवात हा वाद संस्थांचा क्वचितच असतो. माझे ऋण मोठे की तुझे, असा तो खरा वाद असतो, आणि त्याचा निवाडा होऊ शकत नाही. म्हणून निवाडा करूच नये, रक्कम वाटून घ्यावी.

एकूण रकमेचे तीन भाग करावेत. अर्धा भाग सामाईक, पाव भाग एकाचा, पाव भाग दुसऱ्याचा. स्वतःच्या भागाबद्दल जोडीदाराला सांगायचे, त्याने प्रश्नही विचारायचे, पण नकार देण्याचा अधिकार त्याला नाही. सामाईक भागातून मात्र दोघांचा स्पष्ट होकार असल्याशिवाय एक रुपयाही जाणार नाही. ‘तुला हवे तर दे’ हा होकार धरू नये. घरात अशा वाक्यांचे व्याज पुढे कित्येक वर्षे फेडावे लागते.

सामाईक भागावर दिवाळीपर्यंत एकमत झाले नाही, तर ती रक्कम मागच्या वर्षीच्या संस्थेलाच जाईल, असे आधीच लिहून ठेवावे. यामुळे अडून बसण्याचा फायदा कोणालाच मिळत नाही आणि मतभेदापायी संस्थेचे पैसेही अडकत नाहीत. दुसऱ्याची संस्था मनाला पटत नसेल, तर तेथे एकदा त्याच्याबरोबर जाऊन यावे. आमच्या पाव भागांपैकी एक संस्था अशाच एका भेटीनंतर सामाईक भागात आली.

४. घरात मी एकटाच कमावतो. मग पत्नीचाही समान भाग धरायचा का?

होय, समानच धरावा. ज्या घरात एक जण बाहेर कमावतो, त्या घरात दुसऱ्याने घर सांभाळले म्हणूनच ती कमाई होते. शिवाय दारावर कोण आले, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणत्या मुलीची शाळा सुटली, हे वस्तीतले खरे वर्तमान बहुधा घरी असलेल्या माणसालाच आधी कळते. व्यवहारात एवढेच करावे की पत्नीच्या भागाची रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात वर्षाच्या सुरुवातीलाच जमा करावी, म्हणजे प्रत्येक देणगीसाठी तिला मागावे लागणार नाही.

५. संस्था खरी आहे की नाही, हे कसे ओळखावे?

कागद आणि पाय, दोन्ही वापरावेत. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला असतो. त्याचा नोंदणी क्रमांक आणि कंसात जिल्ह्याचे नाव पावतीवर छापलेले असते. नाशिकमध्येही धर्मादाय कार्यालय आहे. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जी संस्था चिडते, तिचा विचार तेथेच सोडावा. त्यानंतर मागील वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद मागावा. तो समजत नसेल तर ओळखीच्या लेखापालाला दाखवावा. दहा मिनिटांचे काम असते.

पण ताळेबंदात सर्व दिसत नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा न कळवता जावे. स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि हजेरीपट पाहावा. मुलांशी कार्यकर्ते कसे बोलतात ते ऐकावे. एका संस्थेने आम्ही दिलेल्या वह्या मुलांच्या हातात ठेवून, त्यांना रांगेत उभे करून आमच्याबरोबर छायाचित्र काढले. त्यातील एक मुलगी मान वर करीत नव्हती. संस्थेचे हिशेब चोख होते, तरी तेथे आम्ही पुन्हा देणगी दिली नाही, आणि आता देतानाच ‘छायाचित्र नको’ असे लिहून देतो.

६. व्यवस्थापनावर खर्च करणाऱ्या संस्थेला देऊ नये, हे बरोबर आहे का?

आम्हाला ते पटत नाही. सुरगाण्याच्या पाड्यावर रोज जाणाऱ्या कार्यकर्तीला पगार हवा, दुचाकीला पेट्रोल हवे, हिशेबाला माणूस हवा. पगार शून्य दाखवणारी संस्था एक तर फार लहान असते किंवा तो खर्च दुसऱ्या नावाखाली लिहीत असते. खर्च किती, यापेक्षा कशावर, हे विचारावे. कार्यकर्त्यांच्या पगारावरील खर्च आणि शहरातील सत्कार-समारंभांवरील खर्च यांना एका तराजूत घालू नये.

७. पैसे द्यावेत की वस्तू, धान्य, कपडे?

संस्थेने मागितली असेल तीच वस्तू द्यावी, अन्यथा पैसे द्यावेत. जुन्या कपड्यांचे ढीग आधीच पडलेले असतात आणि ते निवडण्यात कार्यकर्त्यांचे दिवस जातात. वाढदिवसाला किंवा श्राद्धाला एका वेळचे जेवण देण्याची चाल चांगली आहे. परंतु वसतिगृहात सणासुदीला तीन घरांतून श्रीखंड येते आणि आषाढात डाळ संपलेली असते. तारीख संस्थेलाच निवडू द्यावी. वस्तुरूप देणगीला करसवलत मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

८. देवळाला, गणेशोत्सवाला आणि कुंभमेळ्यातील अन्नछत्राला दिलेले पैसे याच रकमेत धरायचे का?

दोघांनी आधी ठरवले असेल तसे धरावे. मात्र वर्षाच्या मध्यावर नियम बदलू नये. आम्ही गल्लीतील उत्सवाची वर्गणी घरखर्चात धरतो, कारण तो शेजारधर्म आहे. वर्गणी मागणाऱ्या मंडळाकडे धर्मादाय कार्यालयाची परवानगी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. वर उल्लेखिलेल्या कायद्याच्या कलम ४१सी खाली ती लागते.

देवस्थानाला आणि अन्नछत्राला दिलेले आम्ही देणगीतच धरतो. २०२७ मध्ये सिंहस्थाची मुख्य पर्वस्नाने आहेत, त्यामुळे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या घरांत हा प्रश्न वाढणार आहे. अशा वर्षासाठी सिंहस्थाची रक्कम वेगळी काढावी आणि नेहमीच्या संस्थांच्या वाट्याला हात लावू नये. देव मानण्याबाबत पती-पत्नींचे मत वेगळे असेल, तर देवस्थानाची देणगी पाव भागातून जावी (प्रश्न ३ पाहा). या शहराला गाडगेबाबांचा वारसाही आहे. त्यांनी नाशिकमध्ये यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. देवाला द्यावे की माणसाला, या वादात अडकलेल्या जोडप्यांना आम्ही ती धर्मशाळा दाखवतो. तीर्थाला आलेल्या गरिबाच्या डोक्यावर छप्पर ठेवणे ही दोन्ही बाजूंना पटणारी देणगी आहे.

९. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीची फी भरली, चुलत भावाच्या शस्त्रक्रियेला पैसे दिले. हे दान झाले का?

आयकराच्या दृष्टीने नाही, कारण व्यक्तीला दिलेल्या पैशांना सवलत नसते. आमच्या वहीत मात्र त्याचे स्वतंत्र पान आहे. संस्थांच्या रकमेतून ते काढले, तर मोठ्या आजारपणाच्या एका वर्षात सर्व संस्था कोरड्या राहतात. म्हणून ठरवलेल्या टक्क्यापैकी पाचवा हिस्सा आधीच बाजूला ठेवावा आणि उरलेल्याचे तीन भाग करावेत. मावशींना ही मदत देताना ती पगारातून वळती करण्याची उचल आहे की परत न घेण्याची रक्कम आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. ते न सांगितल्यामुळे मनावर बसलेले ओझे आम्ही जवळून पाहिले आहे.

शस्त्रक्रियेसाठी कोणी पैसे मागितले, तर आधी रुग्णालय धर्मादाय आहे का, ते पाहावे. प्रश्न ५ मधील सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कलम ४१एए खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हेही विचारावे. अनेकदा त्या कुटुंबाला तुमच्या दहा हजारांपेक्षा, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील समाजसेवा विभागात त्यांच्याबरोबर उभे राहणारे, बोलू शकणारे माणूस जास्त हवे असते.

१०. पावती कोणाच्या नावावर घ्यावी? संयुक्त खात्यातून दिले तर सवलत दोघांना निम्मी-निम्मी मिळते का?

आपल्याकडे पती आणि पत्नी यांची विवरणपत्रे वेगवेगळी असतात. ज्याने पैसे दिले आणि ज्याचा पॅन पावतीवर आहे, त्यालाच वजावट मागता येते. निम्मी-निम्मी हवी असेल, तर दोघांनी आपापल्या खात्यातून वेगवेगळी रक्कम देऊन दोन पावत्या घ्याव्यात.

त्याआधी एक गोष्ट तपासावी. नवी करप्रणाली निवडली असेल, तर देणगीसाठीची, आयकर कायद्याच्या कलम ८०जी खालील वजावट मिळतच नाही, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. दोघांपैकी एक जुन्या प्रणालीत असेल, तर सामाईक भागातील देणगी त्याच्या नावावर देणे गैर नाही. मात्र तेवढ्यावरून ती देणगी ‘त्याची’ झाली असे मानू नये. वहीत दोघांचीही नावे लिहावीत.

११. ८०जी मध्ये किती सवलत मिळते आणि कोणती कागदपत्रे लागतात?

बहुतेक मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, आणि अशा देणग्यांना समायोजित एकूण उत्पन्नाच्या (म्हणजे इतर वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या) १० टक्क्यांची मर्यादा आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी अशा काही निधींसाठी १०० टक्के वजावट मिळते. ‘निम्मे पैसे परत मिळतात’ हा सार्वत्रिक गैरसमज आहे. जुन्या प्रणालीत २० टक्के कराच्या टप्प्यात असलेल्या व्यक्तीने २०,००० रुपये दिले, तर १०,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात आणि कर सुमारे २,००० रुपयांनी कमी होतो.

२,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत नाही. धनादेशाने किंवा बँकेतून द्यावे. साधी पावती पुरेशी नसते. संस्थेने देणगीदारांचे विवरण फॉर्म १०बीडी मध्ये भरून तुम्हाला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचे असते. देतानाच पॅन द्यावा आणि मे संपताना प्रमाणपत्र आले का, ते पाहावे. जुन्या पावतीपुस्तकांवर ‘कायमस्वरूपी मान्यता’ असे छापलेले आढळते, त्यावर विसंबू नये: २०२१ पासून जुन्या संस्थांनाही नव्याने नोंदणी करावी लागली आणि आता त्या नोंदणीला मुदत असते. आमची एका वर्षाची वजावट याच कारणाने गेली. संस्था प्रामाणिक होती, काम आजही उत्तम आहे. केवळ अर्ज वेळेत गेला नव्हता, आणि आम्ही विचारले नव्हते. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा असल्याने त्या तारखेनंतरच्या देणग्यांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, याचीही नोंद घ्यावी.

१२. एकाच संस्थेला द्यावे की थोडे थोडे अनेकांना? आणि थांबवायचे झाल्यास?

थोड्यांना, पण सलग द्यावे. १२ संस्थांना प्रत्येकी १,००० रुपये देण्यापेक्षा तीन संस्थांना प्रत्येकी ४,००० रुपये पाच वर्षे दिले, तर संस्थेला त्यावर नियोजन करता येते आणि तुम्हालाही काम कळू लागते. थांबवायचे असल्यास मुकाट्याने थांबू नये. ‘पुढील वर्षापासून आमची देणगी येणार नाही’ असे एक वर्ष आधी पत्राने कळवावे. लहान संस्थेत तुमचे ४,००० रुपये एखाद्या मुलाच्या बसपासात गृहीत धरलेले असू शकतात.

१३. वर्षातील कोणता महिना योग्य?

मार्च सोडून कोणताही. कर वाचवण्यासाठी मार्चअखेरीस येणाऱ्या रकमा संस्थेला एकदम मिळतात आणि गरजा वर्षभर पसरलेल्या असतात. शाळा जूनमध्ये सुरू होतात, म्हणून शिक्षणाची देणगी एप्रिल-मे महिन्यांत द्यावी. बंधारे आणि विहिरींची कामे पावसाळ्यापूर्वीच होतात, त्यामुळे पाण्याची रक्कम आम्ही जानेवारीत संक्रांतीला देतो. भात काढून झाल्यावर पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि मुलेही बरोबर येतात. अशा मुलांची शाळा टिकवणाऱ्या संस्थांना पैसा दिवाळीच्या आधी हवा असतो.

१४. मला न सांगता ह्यांनी ५०,००० रुपये देऊन टाकले. चांगल्या कामाला दिले म्हणून गप्प बसावे का?

गप्प बसू नये, आणि संस्थेकडे पैसे परतही मागू नयेत. गुप्तदान जगापासून गुप्त असते, जोडीदारापासून नव्हे. घराच्या सामाईक पैशातून दिलेली रक्कम दोघांची असते. ही रक्कम त्यांच्या पाव भागातून, गरज पडल्यास दोन-तीन वर्षांत मिळून, वळती करावी. पुढे एकट्याने किती रुपयांपर्यंत द्यावे, ती मर्यादाही लिहून ठरवावी. आमची मर्यादा २,००० रुपयांची आहे. संस्थेच्या कार्यक्रमात भारावून जाऊन रक्कम जाहीर करण्याचा प्रसंग आला, तर ‘घरी बोलून कळवतो’ असे सांगावे. प्रामाणिक संस्था चार दिवस थांबते.

१५. आमचा मुलगा अमेरिकेत आहे. त्यालाही वाटा उचलायचा आहे. त्याचे पैसे येथील संस्थेला चालतील का?

त्याच्याकडे भारतीय पारपत्र असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. संस्था पारपत्राची प्रत मागेल, ती द्यावी. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत सरकार देते ते ओळखपत्र) असले तरी तो परदेशी देणगीदार ठरतो. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच त्याची देणगी घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यात. ‘आमच्या खात्यात पाठव, आम्ही देऊ’ हा मार्ग घेऊ नये, कारण त्यातून संस्था अडचणीत येते.

१६. पत्नी गेल्या वर्षी वारली. तिचा भाग आता कसा ठरवावा?

पहिले वर्ष काहीही बदलू नये. तिच्या संस्थांना तितकीच रक्कम, त्याच महिन्यांत द्यावी आणि ती नसल्याचे त्यांना पत्राने कळवावे. त्यांच्याकडे तिच्या आठवणी असतात, त्या तुमच्यापर्यंत पोहोचतील. पावती तुमच्या नावाने आणि तुमच्या पॅनवर घ्यावी, तिच्या नावापुढे ‘स्मरणार्थ’ लिहून घेता येते. कायम ठेव ठेवून तिच्या नावे दर वर्षी व्याजातून काम व्हावे अशी इच्छा असेल, तर ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे देतानाच लेखी द्यावे लागते. तसे लिहून दिले नाही, तर संस्था ती चालू खर्चात वापरू शकते. दुसऱ्या वर्षी तिची ऋणांची यादी (प्रश्न २ पाहा) मुलांना वाचून दाखवावी आणि तिच्या पाव भागाचा निर्णय त्यांच्याकडे द्यावा. यादी लिहिलेलीच नसेल, तर तिच्या माहेरच्या माणसांकडून आणि मैत्रिणींकडून ऐकून ती आता लिहावी.